बघितलं काल तुम्हाला

कोल्हापुरात मला ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड आहे, आणि मी काल काय सांगितलं हे ज्याला आठवतंय असा माणूस सापडणं त्याहून अवघड. केबलच्या एका स्थानिक वाहिनीवर मी रात्री साडेआठच्या बातम्या देते. कपिलतीर्थ मार्केटात मेथीची पेंडी उचलली की पलीकडून हाक येते, "बघितलं की काल तुमास्नी." यावर हसायचं असतं. "काय बघितलं?" असं विचारायचं नसतं. मी विचारलं. "त्या मोत्याच्या कुड्या न्हवं का? गुजरीतनं घेतल्या काय?" ज्या बातमीपत्रात त्या कुड्या होत्या त्याची पहिली हेडलाइन अशी होती, की मुख्य जलवाहिनीला गळती लागल्यामुळे अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी येणार नाही. ती मी सुरुवातीला सांगितली, मध्ये सविस्तर सांगितली, शेवटी पुन्हा सांगितली. तिसऱ्या दिवशी त्याच मावशी मला म्हणाल्या, "दोन दिस पाण्याचा ठिपूस न्हाई बगा. टीव्हीवर असताय, आदी सांगायचं तरी."

मी मेथी घेतली आणि सुट्टे पैसे दिले.

हा मजकूर तक्रारीचा आहे, पण तक्रारी सगळ्या बारीक आहेत. मानधन वेळेवर होत नाही ही मोठी तक्रार झाली, ती मालकांकडे करायची असते आणि ते गावाला गेलेले असतात.

साडेआठचं बातमीपत्र साडेदहाला परत लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा. सकाळी आठला मी मुलाला शाळेच्या रिक्षात बसवत असते. रिक्षावाले मामा आधी माझ्याकडे बघतात, मग कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावरल्या टीव्हीकडे बघतात, मग परत माझ्याकडे. पडद्यावरच्या कोपऱ्यात तांबड्या चौकटीत 'लाइव्ह' लिहिलेलं असतं. ते काढून टाका म्हणून मी अनेकदा सांगितलं आहे, पण ती चौकट रेकॉर्डिंगमध्येच भाजून निघते, त्यामुळे आदल्या रात्रीची मी दुसऱ्या सकाळीही लाइव्हच असते. "म्हंजे ते खोटं असतंय तर," मामा म्हणाले. तेव्हापासून ते बातम्यांवर विश्वास ठेवत नाहीत आणि माझ्यावरही. रिक्षाचे पैसे मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच मागून घेतात.

मी या धंद्यात आले ती गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीतून. तिथं सूत्रसंचालन करताना वाहिनीच्या मालकांनी ऐकलं आणि 'ऑडिशनला या' म्हणाले. ऑडिशनमध्ये मला गडहिंग्लज, हातकणंगले आणि गगनबावडा ही तीन नावं एका दमात म्हणायला लावली. म्हटली. कागदावर लिहून मिळालं, 'वृत्तनिवेदिका तथा जाहिरात प्रतिनिधी'. यातला 'तथा' काय करतो ते दिवाळीच्या आधी कळलं. रात्री ज्या गावाला मी सोन्याचा भाव सांगते, त्याच गावात सकाळी सराफाच्या पायरीवर बसून जाहिरातीचा भाव सांगते. रात्रीच्या भावावर कुणी घासाघीस करत नाही.

बोलण्याचाही एक घोळ आहे. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो, मी बाजारला जातो' असंच बोलतात. माझी आई बोलते, आज्जी बोलायची, मीही तेच बोलते. बातम्या वाचताना 'मी घेऊन आले आहे' म्हणावं लागतं. माहेरी गेलं की थोरली वहिनी आईला सांगते, "टीव्हीवर ही बाईगत बोलतीया." घरी चुकून 'आले' म्हटलं तर शिष्ट झाली म्हणतात, आणि स्टुडिओत चुकून 'आलो' निघालं तर पुण्याहून एका काकांचा फोन येतो. कोल्हापूरची स्थानिक वाहिनी पुण्यात मोबाइलवर लावून बघणारे हे एकच गृहस्थ असावेत, आणि ते फक्त व्याकरणासाठी बघतात.

माझ्या सासऱ्यांचं मत निराळं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्यांच्या मते त्यानंतर काही वर्षं बातम्या नीट वाचल्या गेल्या. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे ही नावं ते पंगतीतल्या पदार्थांसारखी क्रमाने घेतात. त्या माणसांनी हात हलवले नाहीत, मान हलवली नाही, 'ब्रेकिंग' हा शब्द उच्चारला नाही. हे सगळं मला मान्य आहे. त्यांच्यामागं कुणी मूळव्याधीची जाहिरात लावली नव्हती हेही मान्य व्हावं, एवढंच माझं म्हणणं. २०२२ च्या जूनमध्ये भिडे गेले. ती बातमी मीच वाचली, आणि तेवढ्या वेळापुरता सासऱ्यांनी मुंबईचा चॅनेल सोडून आमचा लावला होता. बातमी संपल्यावर ते म्हणाले, "ही त्यांनी जास्त चांगली वाचली असती."

सत्काराला गेलं की दुसरं उदाहरण तयार असतं. अध्यक्ष महाशय माइकवर येऊन सांगतात, की स्मिता पाटीलही आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्याच वाचायच्या, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढं बसायच्या, आणि तिथूनच श्याम बेनेगलांच्या नजरेस पडल्या. मग ते थांबून माझ्याकडे बघतात. सभागृहही बघतं. माझ्या बाबतीत बेनेगल कुठं अडले याचा सगळे मिळून विचार करतात. मग मला शाल दिली जाते.

आता स्टुडिओ. लोकांना वाटतं आम्ही काचेच्या इमारतीत बसतो आणि मागच्या खिडकीतून रात्रीचा रंकाळा तलाव दिसतो. प्रत्यक्षात ती एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे. खाली झेरॉक्स, शेजारी टायपिंगचा क्लास, आणि माझ्यामागं भिंतीला ठोकलेलं हिरवं कापड. याला क्रोमा म्हणतात. जे जे हिरवं दिसेल ते यंत्र पुसून टाकतं आणि त्या जागी रंकाळा भरतं. माझ्यापुढचा लॅपटॉप कधीच मेलेला आहे, त्याच्या झाकणावर वाहिनीचं स्टिकर आहे म्हणून ठेवलाय. हातात जे कागद असतात ते जाहिरातीच्या जुन्या दरपत्रकांचे. बातम्या संपल्या की मी ते टेबलावर दोनदा आपटून सरळ करते. एकदा आपटले नाहीत तर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फोन करून तब्येत विचारली.

हिरव्या कापडाची खरी अडचण लग्नात आली. लग्न झालं, हातभर हिरवा चुडा भरला, सुट्टी संपली आणि मी कामावर हजर झाले. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. कंट्रोल रूममधला मुलगा हसायला लागला म्हणून मी मॉनिटरकडे बघितलं. माझा पंजा होता. कोपर होतं. मधल्या जागेत रंकाळ्याचं पाणी होतं आणि त्यावर पलीकडच्या दिव्यांची प्रतिबिंबं हलत होती. मी नमस्कार केला तेव्हा दोन सुटे पंजे एकमेकांजवळ आले.

चुडा उतरवायचा नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. चुडा दिसता कामा नये, असं मालकांनी सांगितलं. दोन्ही पक्षांचा मान ठेवून मी हात टेबलाखाली घेऊन बातम्या वाचायला लागले. आठवडाभरात शहरात बातमी पसरली, की केबलवरल्या बाईचा हात मोडलाय, आणि तोही लग्नानंतर लगेच मोडलाय. मंगळवार पेठेतल्या माझ्या मामांनी दोन पोरं घेऊन सासरी चक्कर मारली. नवरा बिचारा दारात उभा राहून दोन्ही बाजूंना चहा विचारत होता. पुढं मालकांनी निळं कापड आणलं. मग वाहिनीचं बोधचिन्ह निळं असल्याचं लक्षात आलं. बूम माइकवरचा ठोकळा आणि मेलेला लॅपटॉप, दोन्हींवर भोकं पडली. हिरवं कापड परत आलं. तोपर्यंत चुड्यातल्या निम्म्या बांगड्या धुणं धुताना आपोआप वाढल्या होत्या, म्हणजे उरलेल्या पट्ट्यातूनच काय तो रंकाळा दिसायचा.

कानातल्या इयरपीसबद्दल कुणी सहानुभूती दाखवत नाही, कारण तो दिसत नाही. त्यातून मला पुढच्या बातमीची सूचना मिळते, असं तत्त्वतः आहे. पण कंट्रोल रूममधून माझ्याशी बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलेलंच राहतं आणि आतल्या खोलीतलं सगळं मला ऐकू येतं. एका ज्येष्ठ समाजसेवकांची श्रद्धांजली मी वाचत होते. प्रॉम्प्टरवर 'त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी' इथपर्यंत आलं आणि कानात आवाज आला, "दोन कट वडा, एक मिसळ, पाव जादा घे." मी चेहरा ठेवला. पण प्रॉम्प्टर थांबला, कारण तो चालवणारा पोरगाच पाव किती हे सांगत होता. 'कधीही न भरून येणारी' म्हणून मी तिथंच राहिले. प्रेक्षकांना वाटलं मला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी समाजसेवकांचे चिरंजीव पेढे घेऊन आले, मग श्रद्धांजलीला पेढे बरे दिसत नाहीत हे लक्षात येऊन तेच परत घेऊन गेले.

बारीक तक्रारींत एल बँडला वरचा नंबर द्यावा लागेल. बातम्या चालू असताना पडदा आक्रसतो, मी एका कोपऱ्यात ढकलली जाते आणि उरलेल्या उलट्या कोपरासारख्या पट्ट्यात जाहिरात येते. मान्य आहे, त्या पट्ट्यावर माझं घर चालतं, त्यातल्या निम्म्या जाहिराती मीच पायऱ्या झिजवून आणलेल्या असतात. पण कोणती जाहिरात कोणत्या बातमीवर पडावी याचा विचार कुणीच करत नाही. भीषण अपघात, खाली नवीन दुचाकीवर शून्य टक्के व्याज. पाणीटंचाई, बाजूला वॉटर पार्क. एका मोठ्या नेत्याच्या पक्षांतराची बातमी वाचत होते तेव्हा बाजूला जुन्या फर्निचरच्या एक्स्चेंजची योजना होती. त्यावर नेत्यांच्या कार्यकर्त्यांचा फोन आला, की हे मुद्दाम केलंय. एवढा विचार आमच्याकडं होत असता तर बरंच झालं असतं.

बातमीतला कुणाचाही वाढदिवस 'विविध उपक्रमांनी उत्साहात साजरा' होतो, यापलीकडं त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी हा आमचा जून ते सप्टेंबरचा मुख्य धंदा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत, तरी दर बातमीपत्रात सांगावे लागतात, आणि सांगितले नाहीत तर पाणी चढलंय की उतरलंय यावर वाद होतात. मग राधानगरी. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपले आपण उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. हे मी दरवर्षी समजावून सांगते. दरवर्षी रात्री अकरानंतर मला फोन येतात, "वैनी, दार कुणी उघडलं?" कुणी उघडलं नाही, ते आपोआप उघडतं, असं सांगितलं की पलीकडून थोडा वेळ आवाज येत नाही. मग हळूच, "तुमच्यावर प्रेशर हाय काय?"

फोन येतो तो माझ्या घरच्या मोबाइलवर. नंबर सगळ्यांकडे आहे, कारण तोच नंबर जाहिरात प्रतिनिधी म्हणून पट्टीवर फिरत असतो. चिखली-आंबेवाडीची माणसं पहिल्यांदा विचारतात, कारण पाणी त्यांच्याकडंच पहिल्यांदा जातं. ते विचारतात ते खरं असतं, मी उठून माहिती घेऊन सांगते, त्यात तक्रार नाही. मागोमाग उंचावरच्या उपनगरातून फोन येतात, जिथं नूहच्या काळातही पाणी गेलं नसतं. त्यांना पूर बघायला शिवाजी पुलावर जायचं असतं, आणि सकाळी गेलेलं बरं की संध्याकाळी, हे त्यांना माझ्याकडून हवं असतं. उजेड कधी चांगला असतो, असंही एकाने विचारलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्यात गेला, पेट्रोल-दुधाचे वांदे झाले, आणि माझं घर एका बाजूला व स्टुडिओ दुसऱ्या बाजूला राहिला. आम्ही चार-पाच जण टायपिंगच्या क्लासात सतरंज्या टाकून झोपलो आणि रात्रंदिवस बातम्या दिल्या. बोट कुठं पोचली, छावणी कुठल्या शाळेत आहे, कुठल्या दवाखान्यात लस मिळेल. घसा बसला तरी वाचत राहिले. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांच्याकडं वीज नव्हती, म्हणजे त्यांना मी दिसतच नव्हते. ज्यांच्याकडं वीज होती त्यांनी निरोप पाठवले, की काल आणि परवा तीच साडी होती. एका भगिनींनी कळवलं की ती साडी मुळात पावसाळ्याची नाहीच.

पूर ओसरल्यावर आमचा सत्कार झाला. सत्काराचं सूत्रसंचालनही मीच केलं. स्वतःचं नाव पुकारून स्वतः व्यासपीठावर जायचं, शाल घ्यायची, परत येऊन 'धन्यवाद, ताई' म्हणायचं, आणि पुढचं नाव घ्यायचं. हे मला पुढंही अनेक ठिकाणी करावं लागलं आहे. सूत्रसंचालनाचे पैसे विचारले की आयोजकांना मनापासून नवल वाटतं. "तुम्हाला काय ताई, बोलायचंच तर हाय." साउंडवाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, जनरेटर चालला नाही तरी त्याला मिळतात. मला श्रीफळ मिळतं. आमच्या घरात वर्षभर नारळ विकत आणावा लागत नाही हे खरं आहे, आणि नवरा ते पाहुण्यांना माझ्या उत्पन्नाचा भाग म्हणून सांगतो.

माझं कुणीच ऐकत नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. बातमीपत्राच्या शेवटी निधन वार्ता असतात. नाव, वय, पेठ, मागे कोण कोण, आणि रक्षाविसर्जन किती वाजता. त्या सुरू झाल्या की घराघरांत आवाज वाढवतात, पोरांना गप्प करतात, भांडी घासणारी बाई नळ बंद करून बाहेर येते. अर्थसंकल्प वाचताना जे लोक माझ्या टिकलीकडे बघत असतात, ते इथं शब्दन् शब्द टिपतात. मागे पाच मुली म्हटलं आणि सहा निघाल्या तर सहावीचा फोन मी कॅमेऱ्यापुढून उठायच्या आत येतो. मालकांच्या लक्षात हे आलेलं आहे. सध्या निधन वार्तांच्या आधी एक ब्रेक टाकतात, आणि त्या ब्रेकचा दर सगळ्यांत जास्त आहे. तो दर सराफांना पटवून देण्याचं काम माझ्याकडं आहे.

आता नवीन तक्रार. ओडिशातल्या एका वाहिनीने जुलै २०२३ मध्ये लिसा नावाची संगणकावर बनवलेली निवेदिका आणली, हातमागाची साडी नेसलेली. पुढं मे २०२४ मध्ये डीडी किसानने क्रिश आणि भूमी असे दोघं आणले; ते न थकता, न थांबता, वर्षाचे सगळे दिवस पन्नास भाषांत बातम्या वाचू शकतात असं सांगण्यात आलं. मालकांनी मला भूमीचा व्हिडिओ दाखवला. मी बघितला. "घसा बसत नाही तिचा," मालक म्हणाले. हिरवी साडीही चालत असेल, असं मी म्हटलं. त्यांनी ते प्रोत्साहन म्हणून घेतलं.

त्यांच्या पुतण्याने कुठलंसं ॲप आणून आमच्यासाठीही एक बाई तयार केली. दिसायला बरी आहे, कुड्यासुद्धा मोत्याच्याच दिल्या आहेत. पण हातकणंगले म्हणताना ती अशी अडखळते, की ते एखाद्या युरोपियन खेळाडूचं आडनाव वाटावं, आणि गडहिंग्लजला तर सरळ बंदच पडते. म्हणून आता मला बाराही तालुक्यांतल्या सगळ्या गावांची नावं माइकपुढं बसून म्हणायची आहेत, म्हणजे ती माझं ऐकून शिकेल. रोज बातमीपत्रानंतर अर्धा तास. करवीर आणि पन्हाळा झाला, शाहूवाडी चालू आहे.

मी मालकांना विचारलं, की पुढच्या पावसाळ्यात रात्री अकरानंतर राधानगरीचं दार कुणी उघडलं म्हणून फोन येतील, ते ही बाई घेणार का. ते म्हणाले, छे, फोन तुमच्याकडंच राहू देत, लोकांना तुमची सवय आहे. सराफही तुमच्याकडंच राहू देत. सूत्रसंचालनाला तर तिला नेता येणारच नाही, शाल कुणाच्या खांद्यावर घालणार? फक्त बातम्या तेवढ्या ती वाचेल.

मी होकार दिलेला नाही. मानधनाचं बोलायचं आहे, आणि ते गावाला गेले आहेत.